पाण्यात बसू नका, चाला

पत्र : मी ६२ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, ठाण्यात राहते. दोन्ही गुडघे सहा-सात वर्षं दुखतात, उजवा जास्त. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, झीज आहे, पण ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही. वजन उतरवा (सध्या ७४ किलो), व्यायाम करा, जमलं तर पाण्यातला करा. पण चालून आले की संध्याकाळी पाय टेकवत नाही, मग व्यायाम करू कसा? नणंद म्हणते, वज्रेश्वरीच्या कुंडात पाच-सहा वेळा बस, तिच्या सासूबाईंना गुण आला होता. सून म्हणते, तिच्या माहेरच्या सोसायटीतला तलाव थंडीत गरम करतात, तिथे जाऊ. मला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर या वयात तो पोशाख घालून चारचौघांत उतरायची लाज वाटते. बीपीची गोळी चालू आहे. अलीकडे सकाळी हाताची बोटंही आखडतात. गरम पाण्यानं खरंच काही होतं, की हे नुसतं मनाचं समाधान? — एक वाचक, ठाणे

ताई,

मनाचं समाधान नाही. गरम पाण्यानं खरंच होतं. मात्र काय होतं आणि काय होत नाही, हे नीट कळलं नाही तर तुम्ही पाच-सहा वेळा जाल, बरं वाटेल, पुन्हा दुखायला लागेल आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून द्याल. असं सोडून दिलेल्या कितीतरी बायका फिजिओथेरपी करताना मला भेटल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या गुडघ्याचं बघू. सांध्यातल्या गादीला, म्हणजे कूर्चेला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिचं पोषण होतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून, आणि तो द्रव तिच्यात खेळता राहतो हालचालीमुळे. दाब पडला, सुटला, पुन्हा पडला, असं. दुखतं म्हणून आपण हलणं कमी केलं की हे पोषण मंदावतं. त्याहून मोठं नुकसान मांडीच्या पुढच्या स्नायूचं होतं. हा स्नायू गुडघ्याचा राखणदार. जिना उतरताना, खुर्चीतून उठताना, खड्ड्यात पाय पडला तर बसणारा धक्का आधी तो झेलतो. काही महिने तो वापरलाच नाही की रोडावतो, मग सगळा भार थेट सांध्यावर. आणखी दुखतं, आणखी बसतो. तुम्ही याच चक्रात अडकला आहात. ‘चालले की पाय टेकवत नाही’ हे खरं आहे आणि ‘चाललं नाही तर आणखी बिघडेल’ हेही खरंच आहे.

या कात्रीतून सुटायला पाणी उपयोगी पडतं.

पाणी शरीराला वर उचलतं, हे तुम्ही वर्गात कितीदा शिकवलं असेल. आता ते स्वतःच्या पायांवर लावून बघा. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजनाचा साधारण निम्मा भार येतो. छातीइतक्या पाण्यात जेमतेम एक तृतीयांश. गळ्याइतक्या पाण्यात फक्त दहावा भाग. म्हणजे तुमचे ७४ किलो छातीइतक्या पाण्यात पंचवीस किलोच्या आत-बाहेर होतात. जमिनीवर जिना चढताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण तिप्पट दाब येतो, हे लक्षात घेतलंत तर पाण्यात पाय उचलला की आपोआप ‘हुश्श’ का होतं ते कळेल.

दुसरी गोष्ट, पाणी चारी बाजूंनी दाबतं. पायात चढवलेल्या घट्ट मोज्यासारखं. घोट्याशी आणि गुडघ्याशी साचलेली सूज त्यानं थोडी ओसरते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. पाणी अडवतं, पण तुमच्या बेतानं अडवतं. पाय हळू हलवला तर विरोध कमी, जोरात हलवला तर खूप जास्त. म्हणजे स्नायूला वजन उचलल्यासारखं काम मिळतं आणि ते किती द्यायचं हे तुमच्या हातात असतं. पाय दुखला, तुम्ही थांबलात, की विरोधही तिथेच संपला. लोखंडी वजन असं थांबत नाही.

आणि चौथी गोष्ट ऊब. कोमट पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात, दुखण्याची धार बोथट होते. पण लक्षात घ्या, या चारांतली ही एकच गोष्ट नुसतं बसून मिळते. बाकीच्या तिघींचा पुरता उपयोग हललात तरच.

म्हणून आता नणंदबाईंच्या कुंडाकडे येते.

ऊन पाण्यावरचा आपला विश्वास जुना आहे. गावांची नावंच बघा ना : दापोली तालुक्यातलं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव, नांदेडकडचं उनकेश्वर. या सगळ्यांत ते ‘ऊन’ बसलेलं आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही तानसा नदीकाठची कुंडं तर तुम्हा ठाणेकरांच्या घरचीच. आमचं गाव संगमेश्वराकडचं. मे महिन्यात आम्ही आईला राजवाडीच्या कुंडावर नेत असू. तिचे गुडघे तुमच्यासारखेच होते. कुंडातून बाहेर आली की तिचा चेहरा उजळलेला असायचा, त्या संध्याकाळी ती न धरता पायऱ्या उतरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग आम्ही तिला म्हणायचो, ‘दुखतंय ना, मग हलू नकोस, बस तू.’ फार प्रेमानं म्हणायचो. चार वर्षं तिला खुर्चीत बसवून आम्ही तिच्या मांड्या काटकुळ्या करून टाकल्या. मी तेव्हा शिकत होते, मला कळायला हवं होतं. त्या उजळलेल्या संध्याकाळी तिला हाताला धरून अर्धा तास चालवलं असतं, खुर्चीतून दहा वेळा उठवलं-बसवलं असतं, तर कुंडाचं खरं चीज झालं असतं. तुम्हाला एवढं लांबलचक लिहिते आहे त्याला ही आठवणही कारण आहे.

तेव्हा वज्रेश्वरीला जरूर जा. देवीचं दर्शन घ्या, कुंडात बसा, छान वाटेल. पण कुंडांत पाणी कुठे कोमट, कुठे कढत असतं, आणि ते मोजून कुणी सांगत नाही. तळ शेवाळलेला असतो, धरायला कठडा असेलच असं नाही. आधी हात घालून बघा, दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, एकट्या उतरू नका, आणि पायाला जखम किंवा भेग असेल तर मुळीच नको. बरं वाटलं की त्याच बऱ्या वाटण्यात पाय हलवा. उपचार म्हणून मात्र मी सुनेच्या बाजूनं आहे. आठवड्यातून तीनदा जाता येईल, पाणी स्वच्छ असेल, खोली ठाऊक असेल, अशी जागा हवी.

तलावाला हो म्हणण्याआधी सुनेला तिथे तीन गोष्टी विचारायला सांगा.

पाणी किती गरम असतं? शर्यतीच्या तलावात पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवतात. जोरात पोहणाऱ्याला ते ठीक, पण सावकाश हालचाल करणाऱ्या दुखऱ्या सांध्याला गार पडतं, स्नायू आणखी आखडतात. तुम्हाला निदान २८-२९ हवं, ३१ असेल तर फारच छान. फिजिओथेरपीच्या खास तलावांत ते ३३ ते ३५ पर्यंत असतं. याहून गरम पाण्यात व्यायाम करायचा नाही, दमायला होतं. आणि सोसायटीत बुडबुड्यांचं छोटं गरम टाकं असेल तर तुमच्या बीपीच्या गोळीमुळे त्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. हीटर नसलेले तलावसुद्धा एप्रिल-मेमध्ये उन्हानं बऱ्यापैकी ऊबदार होतात, हेही ध्यानात ठेवा.

दुसरं, उथळ बाजूला खोली किती? साडेतीन ते चार फूट असली की तुमच्या छातीपर्यंत पाणी येईल. एवढंच हवं.

तिसरं, उतरायला काय आहे? हे फार महत्त्वाचं आणि हेच कुणी बघत नाही. उभी लोखंडी शिडी असेल तर दुखऱ्या गुडघ्याला ती चढणं म्हणजे शिक्षा. सगळा व्यायाम छान होतो आणि बाहेर पडताना गुडघा पिळवटतो. रुंद पायऱ्या आणि धरायला दांडी असलेला तलाव शोधा. पायरी चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. तुमच्या घरच्या जिन्यालाही हाच नियम.

आता भीती आणि लाज.

पोहता येत नाही याची चिंता सोडा. या व्यायामात पाय जमिनीवरून सुटतच नाहीत. डोकं बुडवायचं नाही, केससुद्धा ओले होत नाहीत. पहिल्या दिवशी फक्त पायरीवर बसा, कमरेपर्यंत पाणी येऊ द्या, पाय हलवा, परत या. दुसऱ्या दिवशी सुनेचा हात धरून कडेकडेनं चार पावलं. कठडा कायम हाताशी. जीवरक्षक हजर असेल तेव्हाच जायचं, आणि त्याला आधी सांगून ठेवायचं की मला पोहता येत नाही. भीती समजूत घालून जात नाही, पाण्यात पाय टेकतो आहे हे पायाला कळलं की जाते.

लाजेचं मी हलक्यात घेत नाही. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या अंगभर पदर सावरण्यात गेल्या, ते एका दिवसात कसं उतरेल? पण तुम्हाला वाटतो तोच एक पोशाख नाही. हल्ली पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंत पाय झाकणारा, वर सैलसर झालर असलेला पोहण्याचा पोशाख सहज मिळतो. खेळाच्या सामानाच्या दुकानात ‘फुल कॉश्च्यूम’ म्हणून मागा. सुती सलवार-कुर्ता मात्र नको. तो पाणी पिऊन जड होतो, पायात अडकतो, आणि बहुतेक तलावांवर चालतही नाही. पायात पाण्यातले रबरी तळाचे बूट घाला, ओल्या फरशीवर ते तुम्हाला वाचवतील. बांगड्या, मंगळसूत्र घरी किंवा सुनेच्या पर्समध्ये. बायकांची वेगळी वेळ असते का, हेही विचारा. आणि ताई, एकदा छातीपर्यंत पाण्यात गेलात की वर दिसतं ते फक्त डोकं आणि खांदे.

नेमकं करायचं काय? सुरुवातीची पाच मिनिटं नुसतं चालणं : पुढे, मग मागे, मग कठड्याकडे तोंड करून आडवं, खेकड्यासारखं. मागे आणि आडवं चालणं जमिनीवर आपण कधी करत नाही, म्हणून खुब्याच्या बाजूचे स्नायू झोपलेले असतात. तेच जागे व्हायला हवेत. नंतर कठडा धरून टाचा उचलणं, दहा वेळा. मग एक पाय सरळ ठेवून बाजूला नेणं, मागे नेणं, प्रत्येकी दहा. गुडघ्यातून थोडं वाकून उठणं, दुखायच्या अलीकडे थांबून. शेवटी पाण्यातल्या पायरीवर बसून एक-एक पाय सरळ करायचा, पाच अंक मोजायचे, खाली. हा शेवटचा प्रकार मांडीच्या त्या राखणदारासाठी, तो चुकवू नका. श्वास रोखायचा नाही. मैत्रीण बरोबर असेल तर गप्पा मारता येतील इतपतच दम लागायला हवा.

पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नको. हे मी हट्टानं सांगते, कारण पाणी फसवतं. आत काही दुखत नाही, म्हणून बायका उत्साहानं पाऊण तास करतात आणि रात्री गुडघा धरून बसतात. त्यासाठी साधं माप आहे : व्यायामानंतर दोन तास उलटूनही नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या वेळी कमी करायचं. बंद नाही करायचं, कमी करायचं. हळूहळू दीड-दोन महिन्यांत अर्ध्या तासावर या.

बीपीच्या गोळीमुळे एक सावधगिरी. कोमट पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, आणि बाहेर पडताच पाण्याचा दाबही जातो. झटकन बाहेर आलात तर डोळ्यांपुढे अंधारी येईल. शेवटची पाच मिनिटं सावकाश चाला, पायरीवर जरा बसा, मग दांडी धरून बाहेर. पिण्याच्या पाण्याची बाटली काठावर ठेवा, पाण्यात असूनही घाम येतोच. आणि उतरण्याआधी लघवीला जाऊन या. खोल पाण्यात उभं राहिलं की लघवीची भावना लवकर होते, त्यात गैर काही नाही, पण त्या धास्तीनं अनेकजणी मध्येच बाहेर पडतात. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, लघवीची जळजळ असेल तेव्हा सुट्टी. हृदयाचा त्रास किंवा फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय मुळीच नाही.

आता किती आशा ठेवायची ते. २०१६ साली कॉक्रेन या संशोधन-परीक्षण करणाऱ्या संस्थेनं गुडघा आणि खुब्याच्या झिजेवर पाण्यातल्या व्यायामाचे १३ प्रयोग एकत्र तपासले. निष्कर्ष असा की दुखणं आणि अडचण कमी होते, पण थोडी, आणि तो परिणाम थोड्या काळापुरता दिसतो. ‘थोडी’ या शब्दानं निराश होऊ नका. बाजाराची पिशवी घेऊन एक जिना न थांबता चढता येणं हेही त्या ‘थोड्या’त बसतं. पण झिजलेली गादी पाण्यानं परत येत नाही, आणि व्यायाम सोडला की मिळालेलं टिकत नाही. शिवाय जमिनीवरच्या व्यायामाचा गुणही जवळपास तितकाच आहे. म्हणून माझ्या लेखी पाणी ही पहिली पायरी. तिथे स्नायूत जीव आला की तुम्हाला जमिनीवर उतरायचं आहे, मग चालून आल्यावर पाय टेकवत नाही ही तक्रार कमी होईल. वजनाचं डॉक्टरांनी उगाच सांगितलेलं नाही : एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं घटतो. चार-पाच किलो कमी झाले तर हिशेब तुम्हीच करा.

ज्या वाचकांच्या गावात असा तलाव नाही त्यांनी हिरमुसू नये. सकाळी ऊन पाण्यानं अंघोळ करा, गुडघ्यांवर दोन तांबे जास्त. मग अंग पुसून पंधरा-वीस मिनिटांच्या आत, ऊब आहे तोवर, खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा तो व्यायाम दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा करा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, पाच मोजा, सोडा. निर्गुडीचा पाला उकळून केलेलं पाणी शेकायला वापरत असाल तर वापरा, पण विसण घालून. पाणी किती ऊन आहे ते कोपर बुडवून बघा, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला बघतो तसं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर हे दुसऱ्या कुणाकडून बघून घ्या. कढत पाण्यानं भाजलेले आणि ते कळलेलंच नाही असे पाय मी पाहिले आहेत.

आणि ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही बोटांबद्दल एक ओळ लिहिलीत. मला तीच सगळ्यात जास्त खटकली. उद्यापासून सकाळी घड्याळ बघा : बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो? दहा-वीस मिनिटांत सुटत असतील तर बहुधा तीही झीजच, तिच्यासाठी कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून मूठ वळणं-उघडणं, अंगठा एकेका बोटाला, अगदी करंगळीपर्यंत टेकवणं, स्पंज पिळणं पुरेल. पण तासभर आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांची बोटांची मुळं किंवा मधली पेरं सुजत असतील, थकवा असेल, तर तो वेगळा, आमवातासारखा आजार असू शकतो. त्याला पाणी पुरत नाही, त्याची औषधं वेगळी असतात आणि ती लवकर सुरू झाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. गेल्या वर्ष-दोन वर्षांत चिकुनगुनिया झाला होता का, तेही आठवून ठेवा, त्यानंतरही सांधे महिनोन्‌महिने धरतात. संधिवाततज्ज्ञांना दाखवा, रक्ताची तपासणी ते सांगतील. आणि एखादा सांधा एकदम लाल, गरम झाला, बरोबर ताप आला, तर तलाव नको, त्याच दिवशी दवाखाना.

बोटांची वेळ आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवा, तारीख घालून. डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्या. आणि सुनेला आजच सांगा, त्या तलावाच्या पायऱ्यांचा एक फोटो काढून आण म्हणून.